चुंबकी मणी : गंजाचा एक उपयोग



२०२० साली कोरोनाच्या साथीत आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातही नाका-घशातील स्राव तपासणीस गेले. पुष्कळ प्रयोगशाळांत त्यातून विषाणूचा अंश वेचला तो चुंबकी मण्यांनी. ते कसे बनतात, हे आम्ही थोडक्यात सांगतो.

नॉर्वेचे रसायनशास्त्रज्ञ जॉन उगेलस्टाड यांनी १९७६ साली एकसारखे सूक्ष्म प्लॅस्टिकमणी बनविले. पुढे त्यांत लोह भरले. सच्छिद्र मणी लोहक्षारांच्या द्रावणात भिजवितात. छिद्रांतच लोह-ऑक्साईडचे, म्हणजे एक प्रकारच्या गंजाचे, कण तयार होतात. मग वरून लेप देऊन छिद्रे बुजवितात. असे साडेतीनशे मणी ओळीने एका मिलिमीटरात मावतात.

आतील कण फारच बारीक हवेत. मोठे कण चुंबक दूर नेल्यावरही चुंबकच राहतात आणि मण्यांचा गोळा होतो. बारीक कण चुंबक जवळ असेपर्यंतच ओढले जातात. म्हणून मणी चुंबकाने धरून घाण धुता येते. हवा तो अंश मण्यांना चिकटून उरतो.

चुंबक येथे रोग शोधण्यास मदत करतो, बरा करीत नाही. तेव्हा चुंबकी कडी-पट्ट्यांवर कापसाचा पैसा घालवू नका. खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. ती तपासणी मोफत होते.