पदाधिकाऱ्यांवरील टीका आणि वाक्यार्थनिर्णय : लहान गावांतील काही खटल्यांच्या आधारे

महानगरातील मतदार आणि त्याचा प्रतिनिधी यांच्यामध्ये पक्षसंघटना, वृत्तपत्रे व प्रचारयंत्रणा यांचे मोठे अंतर असते. लहान गावात हे अंतर जवळजवळ नसतेच. ज्याच्या कारभारावर टीका करावयाची तो पदाधिकारी टीकाकाराच्याच आळीत राहत असतो, आणि टीका ऐकणारे लोक दोघांनाही ओळखत असतात. त्यामुळे अशा गावच्या निवडणुकीत थोडक्या शब्दांत पुष्कळ बोलले जाते. नाव न घेता माणूस दाखविता येतो, प्रश्न विचारून आरोप करता येतो. अशा वाक्यावरून वाद न्यायालयात गेला म्हणजे न्यायाधीशांपुढे जे प्रश्न उभे राहतात ते मूलतः भाषाशास्त्राचे असतात. वाक्य कोणाविषयी आहे? त्यात वस्तुस्थितीचे विधान आहे की केवळ रोष? आणि बोलणारा कोण? अमेरिकेतील काही निर्णयांत या प्रश्नांचा ऊहापोह विशेष स्पष्टपणे झालेला असल्यामुळे ते प्रस्तुत विवेचनासाठी उपयुक्त आहेत.

प्रथम निर्देशाचा प्रश्न घ्यावा. २९ मार्च १९६० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथील पोलिसांच्या वर्तनावर टीका करणारी एक जाहिरात प्रसिद्ध झाली. तीत काही तपशील चुकीचे होते. नगराचे निर्वाचित आयुक्त सलिव्हन यांचे नाव तीत कोठेही नव्हते. परंतु पोलीसखाते आपल्या देखरेखीखाली असल्याने ‘पोलीस’ या शब्दाने आपलाच निर्देश होतो, असा त्यांचा दावा होता. तो मान्य करून ज्यूरीने त्यांना पाच लाख डॉलर नुकसानभरपाई दिली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. विधान खोटे असल्याचे ठाऊक असताना, किंवा त्याच्या खरेखोटेपणाविषयी पूर्ण बेपर्वाईने ते केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय, पदाधिकाऱ्यास त्याच्या अधिकृत वर्तनावरील टीकेबद्दल भरपाई मिळणार नाही, हा नियम याच खटल्यातून निघाला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्याचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. शासनसंस्थेवरील टीका ही आपोआप तिच्या प्रमुखावरील टीका ठरत नाही, म्हणजेच संस्थावाचक नामाचे व्यक्तिवाचक नामात रूपांतर करण्याचा अधिकार वादीस नाही, असे न्यायालयाने ठरविले.

गाव लहान असले की हा भेद अधिक बिकट होतो. न्यू हॅम्पशायरमधील लॅकोनिया येथील स्थानिक पत्राच्या एका सदरात १९६० साली परगण्याच्या बर्फक्रीडाकेंद्राच्या कारभाराविषयी मजकूर आला. नव्या व्यवस्थेत उत्पन्न कितीतरी पटींनी वाढले, असे सांगून लेखकाने मागील वर्षांच्या पैशांचे काय झाले, असा प्रश्न विचारला होता. माजी व्यवस्थापकाचे नाव त्यात नव्हते. शब्दशः पाहता ही नव्या कारभाराची स्तुती आहे. व्यंजनेने पाहता जुन्या कारभारावरील आरोप आहे. भारतीय साहित्यशास्त्रात प्रश्नाचे विधान करणाऱ्या स्वरभेदास काकू म्हटले आहे. छापील वाक्यात स्वर ऐकू येत नाही. तेथे स्वराचे काम प्रसंग आणि वाचकांचे पूर्वज्ञान करते. तो मजकूर आरोप म्हणूनच वाचला गेला, असे दाखविण्याचा वादीचा प्रयत्न होता, आणि ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. लहान गटावर संशय आला एवढ्यावरून त्या गटातील कोणाही सभासदास भरपाई मागता येईल, ही ज्यूरीस दिलेली सूचना चुकीची ठरली. टीकेचा रोख विशेषतः आपल्यावरच होता हे वादीने सिद्ध केले पाहिजे, असे सांगून खटला परत पाठविण्यात आला. व्यंजना नाकारली गेली नाही. तिचे प्रमाण मागितले गेले.

दुसरा प्रश्न शब्दाच्या शक्तीचा. मेरीलँडमधील ग्रीनबेल्ट येथे १९६५ साली एक बांधकाम-व्यावसायिक, जो राज्य विधिमंडळाचा सभासदही होता, नगरपरिषदेशी वाटाघाटी करीत होता. त्याला आपल्या एका जमिनीवर दाट वस्ती उभारण्याची परवानगी हवी होती; नगरास शाळेसाठी त्याचीच दुसरी जमीन हवी होती. जाहीर सभांत काही नागरिकांनी या सौद्यास ‘ब्लॅकमेल’ म्हटले आणि स्थानिक साप्ताहिकाने ते छापले. अभिधेने घेतल्यास तो गुन्ह्याचा आरोप होता. परंतु वृत्तान्तात सौद्याचे स्वरूप पूर्णपणे दिले होते. ते वाचणाऱ्यास गुन्हा घडल्याचा भास होणे शक्य नव्हते. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द म्हणजे केवळ आवेशयुक्त अतिशयोक्ती होय, असे ठरविले. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे मुख्यार्थबाध आहे, आणि तो बाध वृत्तान्तातील तपशिलानेच घडविला आहे. तपशील वगळून तोच शब्द एकटा छापला असता, तर मुख्यार्थास बाध करणारे काहीच उरले नसते.

मराठीत या विचाराची कसोटी सहज पाहता येते. ‘नगरपालिकेने गावावर दरोडा घातला’ या वाक्यात लक्षणा जिवंत आहे. शस्त्रधारी टोळी कोणाच्या मनात येत नाही, वक्त्याचा संताप तेवढा कळतो. ‘रस्त्याचे पैसे खाल्ले’ या वाक्यातील क्रियापदही लाक्षणिकच. पण ही लक्षणा रूढ झाली आहे आणि तिचा अर्थ अपहार असाच ठरून गेला आहे. म्हणून पहिले वाक्य मत ठरण्याचा संभव अधिक, तर दुसरे वस्तुस्थितीचे विधान. रूपक जितके जुने, तितकी वक्त्याची जबाबदारी मोठी. ‘पैसे खाल्ले गेले’ अशी कर्त्याचा लोप करणारी रचना केल्याने ही जबाबदारी संपत नाही. ज्या प्रभागाचा प्रतिनिधी एकच असतो, तेथे व्याकरणाने वगळलेला कर्ता प्रसंग पुरवितो.

टीकेचे स्वातंत्र्य कोणाला महाग पडते, हे फ्लॉरिडातील क्रिस्टल रिव्हर या लहान गावचा खटला दाखवितो. तेथील महापौर लिओनार्ड डॅमरन १९६६ साली परगण्याच्या करनिर्धारकपदासाठी उभे होते. मतदानास सुमारे दोन आठवडे असताना एका स्थानिक दैनिकाने त्यांच्यावर खोट्या साक्षीचा आरोप ठेवला गेल्याची बातमी दिली. वस्तुतः तो आरोप त्यांच्या भावावर होता. संपादकास भावाचे नाव परिचित नव्हते, म्हणून त्याने परिचित नाव घातले. डॅमरन निवडणूक हरले. ज्यूरीने त्यांना बावीस हजार डॉलर दिले. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने तोही निर्णय रद्द केला, कारण चूक होती, परंतु जाणूनबुजून केलेला खोटेपणा वा बेपर्वाई सिद्ध झालेली नव्हती. येथे लक्षणा नाही, व्यंजना नाही. केवळ एक विशेषनाम बदलले आणि निरपराध माणसाला त्याची किंमत द्यावी लागली. टीकाकाराला दिलेल्या संरक्षणाचा भार कोणीतरी वाहत असतो, हे विसरून या नियमाचे गुणगान करणे योग्य नव्हे.

तिसरा प्रश्न वक्त्याचा. ओहायोमधील वेस्टरव्हिल येथे १९८८ साली शाळाकराच्या प्रस्तावावर मतदान व्हावयाचे होते. शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रस्तावाविरुद्ध मार्गारेट मॅकिन्टायर यांनी पत्रके वाटली; काहींवर नावाऐवजी ‘चिंतित पालक व करदाते’ अशा अर्थाची सही होती. निनावी प्रचारपत्रकाबद्दल त्यांना शंभर डॉलर दंड झाला. १९९५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. निनावी वाक्याचा अर्थ नावाच्या वाक्याहून वेगळा असतो. नाव काढले की वाचक वक्त्याच्या पतीऐवजी युक्तिवादाकडे पाहतो. ज्या गावात टीकाकाराचे मूल त्याच अधिकाऱ्यांच्या शाळेत जाते, तेथे या भेदाचे मोल उघड आहे.

भारतातील व्यवस्था काही बाबतींत याहून वेगळी आहे. लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुकांत लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ अन्वये प्रचारपत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे असावीच लागतात. त्याच अधिनियमाच्या कलम १२३(४) मध्ये उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून केलेले खोटे ‘वस्तुस्थितीचे विधान’ हा भ्रष्ट आचार ठरविला आहे. मतप्रदर्शन त्यात येत नाही. राजगोपाल खटल्यात १९९४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांस बदनामीबद्दल भरपाईचा दावा लावता येणार नाही असे सांगितले, आणि पदाधिकाऱ्याच्या अधिकृत वर्तनाबाबत माँटगोमेरी खटल्यासारखीच कसोटी घालून दिली. परंतु फौजदारी बदनामीचा गुन्हा कायम आहे. २०१६ साली न्यायालयाने तो वैध ठरविला, आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावरील सद्‌भावनेने व्यक्त केलेल्या मतास तेथे अपवाद आहे.

या सर्व तरतुदींचा कणा ‘विधान’ आणि ‘मत’ हा भेद होय. तो शब्दकोश पाहून ठरत नाही. रूपक जिवंत आहे की रूढ, लुप्त कर्ता कोण पुरवितो, प्रश्नाचा काकू कोणता, हे त्या गावच्या भाषाव्यवहारातून ठरते. मराठीतील निवडणूकपत्रके, सभांतील भाषणे व भिंतींवरील मजकूर यांचा या दृष्टीने पद्धतशीर संग्रह झाल्यास भाषाशास्त्राचे एक दालन तर उघडेलच. शिवाय संतापाच्या वाक्याला गुन्हा समजण्याची आणि गुन्ह्याच्या आरोपाला केवळ संताप समजण्याची, अशा दोन्ही चुका टाळण्यास न्यायव्यवहाराला आधार मिळेल.