भरताआधी वावर

अमेरिकेत ऑक्टोबर लागला की घरोघरची मंडळी भोपळ्याच्या शेतावर जातात. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही त्यात असतात. मुलं वेलांतून हिंडतात, हवा तो भोपळा स्वतः निवडतात आणि आईवडील त्याचे पैसे शेतकऱ्याच्या हातावर ठेवतात. आपल्या खानदेशात लाल भोपळ्याचं वावर बघायला असं सहकुटुंब कोणी जात नाही. तो वेल बहुधा बांधावर नाहीतर उकिरड्याशेजारी पसरतो आणि गुपचूप फळ धरतो. पण हिवाळ्यात सगळ्यांनी मिळून वावरात जायची रीत मात्र आपल्याकडे पक्की रुजलेली आहे. ते पीक म्हणजे भरताचं वांगं आणि तो कार्यक्रम म्हणजे भरीत पार्टी. अमळनेरची सुरतेला, पुण्याला, मुंबईला गेलेली मुलंबाळं थंडीत घरी आली की एखाद्या दुपारी नाहीतर रात्री कोणाच्या तरी वावरात भरताचा बेत ठरतोच.

जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव या वांग्यासाठी जिल्ह्याबाहेरही घेतलं जातं. भाजीच्या लहान जांभळ्या वांग्याहून हे वांगं वेगळं दिसतं: मोठं, लांबट, फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा; आत गर भरपूर आणि बिया कमी. दिवाळीच्या सुमारास ते बाजारात दिसू लागतं, पण खरी चव येते ती थंडी पडल्यावर. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि भाकरी यांचा नैवेद्य असतो, आणि चातुर्मासात वांगं वर्ज्य केलेल्या घरांत त्या दिवसापासून ते पुन्हा शिजतं. अमळनेर तालुका बराचसा कोरडवाहू आहे. कापूस, ज्वारी, बाजरी, मका ही इथली पिकं. वांगं पिकतं ते ज्याच्या विहिरीला हिवाळ्यात पाणी टिकतं त्याच्याकडे. म्हणजे भरीत ही सहज मिळणारी गोष्ट वाटली, तरी तिच्यामागे पाण्याचा काटेकोर हिशेब असतो.

हा हिशेब पाहुण्यांपर्यंत पोचतच नाही, इथे माझं म्हणणं सुरू होतं. आजच्या भरीत पार्टीत भरीत आहे, पार्टी आहे, पण वावर नाही. गाड्या बांधावर लागतात, सतरंज्या पसरतात, मोठ्या आवाजात गाणी वाजतात, तयार ताटं येतात, फोटो निघतात आणि मंडळी परततात. वांग्याचं झाड कसं असतं हे मुलांनी पाहिलेलंच नसतं. अमळनेरसारख्या गावाला हे शोभत नाही, कारण या गावाचं वैभवच वावरातून आलेलं आहे. प्रताप मिल उभी राहिली ती कापसावर. १९४५ मध्ये इथे वनस्पती तूप काढणारी जी कंपनी सुरू झाली, तीच पुढे विप्रो म्हणून जगभर गेली. तिचं मूळ तेलबियांत होतं. अशा गावच्या मुलांना जेवण ताटात कुठून येतं हे ठाऊक नसावं, याचं वाईट वाटायला हवं. म्हणून माझा आग्रह साधा आहे: सहल भरतासाठी काढा, पण तिच्या मध्यभागी वावर ठेवा. वांगं तोडण्यापासून भरीत ठेचण्यापर्यंतचं काम पाहुण्यांनी करावं, शेतकऱ्याच्या सोयीने करावं आणि त्याचे पैसे मोजावेत.

सोयीची गोष्ट आधी घेऊ. आपली सुट्टी रविवारी असते, पिकाला रविवार नसतो. नोव्हेंबर-डिसेंबरात कापसाची वेचणी चालू असते, मजूर मिळवताना नाकी नऊ येतात, आणि त्याच दिवसांत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं. शेतीची वीज पाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी थंडीत कुडकुडत मोटरीपाशी जागा असतो. नेमक्या अशा रात्री वीस माणसांचा घोळका त्याच्याकडे जाऊन बसला, तर तो नाही म्हणणार नाही, पण त्याचं पाणी द्यायचं राहील. त्यामुळे चार-आठ दिवस आधी फोन करावा आणि ‘आम्ही येतोय’ असं न सांगता ‘कोणता दिवस बरा पडेल?’ असं विचारावं. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांत उलटेपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. सकाळी दव ओसरल्यावर पोचावं. ऊन कोवळं असतं, मुलांना हिंडता येतं आणि तोडलेलं वांगं दुपारच्या जेवणापर्यंत भाजून होतं. नुकतंच पाणी दिलेल्या काळ्या जमिनीत शिरू नये. पाय रुततात हा आपला त्रास झाला. तुडवलेली माती घट्ट बसते आणि मुळं गुदमरतात, हा पिकाचा.

वावरात गेल्यावर बघण्यासारखं खूप असतं, फक्त कोणीतरी मुलांना थांबवून दाखवायला हवं. वांग्याचं जांभळं फूल खाली मान घालून असतं. त्याच्या मधोमध पिवळे परागकोश असतात, आणि त्यातले पराग सहजी बाहेर पडत नाहीत. कोशाच्या टोकाला बारीक छिद्रं असतात आणि फूल हललं की तिथून पराग झडतात. वाऱ्याने हे काम काही प्रमाणात होतं, पण मोठा काळा भुंगा त्या फुलाला लटकून जोरात गुणगुणतो तेव्हा ते फार चांगलं होतं. हा भुंगा दिसला तर पाच मिनिटं मुलांना नुसतं बघू द्यावं. मग फळ निवडायचं. साल चकचकीत हवी, देठाची टोपी हिरवीगार हवी, आणि आकाराच्या मानाने वांगं हाताला हलकं लागायला हवं. साल निस्तेज झाली असेल तर आतल्या बिया जून झाल्या असं समजावं. सालीवर बारीक भोक दिसलं तर आत फळ पोखरणारी अळी शिरलेली असते. असं किडकं वांगं मुलांना मुद्दाम चिरून दाखवावं, म्हणजे शेतकऱ्याची झुंज कोणाशी आहे ते कळतं. वांगं हिसकून ओढू नये, फांदी मोडते. देठासकट कापून घ्यावं, आणि टोपीवरच्या काट्यांची आठवण आधीच द्यावी. सरीतल्या ठिबकच्या नळ्यांवर पाय पडू नये हेही सांगावं. नळी सरकली की पाणी मुळाशी न पडता भलतीकडे पडतं, आणि पाहुणे गेल्यावर शेतकऱ्याला ओळ न् ओळ तपासत बसावं लागतं.

भाजणं हा सगळ्यांना आवडणारा भाग, आणि काळजीही तिथेच जास्त घ्यावी लागते. खानदेशात वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर किंवा तुराट्यांवर भाजतात. या काड्या भडकन पेटतात आणि लवकर विझतात, त्यामुळे जाळ सतत घालत राहावा लागतो आणि वांगी फिरवत राहावी लागतात. वांग्याला आधी टोचे मारून घ्यावेत, नाहीतर आतली वाफ कोंडून ते फुटतं. साल काळी पडून सुटली आणि देठाजवळचा भाग दाबल्यावर मऊ लागला की झालं. जाळ मोकळ्या नांगरटीत करावा. कडब्याची गंजी, उभी ज्वारी आणि वाळलेलं गवत यांपासून लांब, आणि वाऱ्याची दिशा बघून. शेजारी पाण्याची घागर भरून ठेवावी. कापसाचा हंगाम संपल्यावर काड्या वावरातून काढून टाकाव्यात, उभ्या ठेवल्या तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. भरतासाठी त्यातल्या चार पेंढ्या लागतात. म्हणून सगळं वावर पेटवून द्यायला मोकळीक मिळाली असं मात्र नाही. उरलेल्या काड्यांचा चुरा करून मातीत मिसळणं जमिनीसाठी चांगलं. भाजलेल्या वांग्याची साल काढून गर लाकडी बडगीत घालायचा, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर घालून ठेचायचा. हे काम मुलांकडून आळीपाळीने करून घ्यावं. ज्या पोराने स्वतः वांगं तोडलं आणि ठेचलं, ते कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खाणार, हे वेगळं सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा येतो, आणि तो खरा आहे. वांग्यावर फवारण्या बऱ्याच होतात, कारण अळी पिच्छा सोडत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. पण धोका आहे म्हणून वावर टाळणं हा उपाय नव्हे, कारण तीच वांगी आपण बाजारातून घरी आणतो. वावरात निदान विचारता तरी येतं. शेवटची फवारणी कधी झाली आणि त्या औषधानंतर तोडणीसाठी किती दिवस थांबायचं असतं, हे शेतकऱ्याला मोकळेपणाने विचारावं. मुदत संपली नसेल तर दुसरा दिवस घ्यावा. औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि फवारणी पंप जिथे ठेवतात तिकडे मुलांना फिरकू देऊ नये. कठडा नसलेली विहीर आणि मोटरीची पेटी कुठे आहे हे पोचल्या पोचल्या बघून घ्यावं आणि एका मोठ्या माणसाने फक्त मुलांवर नजर ठेवावी. काड्यांच्या ढिगात नाग, घोणस असू शकतात, म्हणून ढिगात हात घालायचं काम मुलांना देऊ नये. पायात बूट असावेत, रात्री थांबायचं असेल तर बॅटरी असावी. साप चावलाच तर गावठी उपाय न करता थेट सरकारी रुग्णालय गाठावं. एवढी दक्षता घेतली तर वावर ही मुलांना नेण्याजोगी जागा आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. ‘खानदेशात पाहुण्याकडून पैसे घेतात का? शेतकऱ्याला अपमान वाटेल,’ असं अनेक जण म्हणतात. या पाहुणचाराचा मलाही अभिमान आहे, पण त्याचा भार कोणावर पडतो तेही बघायला हवं. पंधरा-वीस माणसांच्या भाकरी थापायला शेतकऱ्याच्या घरची बाई पहाटे उठते, आणि दुपारी भांडी घासून परत वेचणीला जाते. तिला कोणी विचारलेलं नसतं. भरीत वीस जणांना पुरवायचं तर चार पेंढ्या काड्या, टोपलीभर वांगी, तेल, शेंगदाणे आणि तिचा अर्धा दिवस जातो. सख्खा नातेवाईक असला तर रोख पैशांनी तो दुखावेल हे मान्य. अशा वेळी पीठ, तेल, दाणे आपण न्यावेत, भाकरी करायला आपल्या घरच्या बायका-पुरुष दोघांनीही बसावं आणि निघताना वावरातली चार-पाच किलो वांगी, हरभऱ्याचे डहाळे बाजारभावाने विकत घ्यावेत. ओळखीपाळखीचा शेतकरी असेल, तर माणशी किती हे आधीच ठरवावं. घोळ नको म्हणून ठरवलेल्या पैशांत अपमान नसतो. फुकट जेवून ‘वांगी काय, पिकतातच’ असं बोलण्यात तो असतो.

तिसरा आक्षेप असा, की भरीत हल्ली हॉटेलात मिळतं, हिवाळ्यात रस्तोरस्ती भट्ट्या पेटतात. मग एवढी यातायात कशाला? नुसतं भरीत खायचं असेल तर खरोखरच वावरात जाऊ नये. भट्टीवाल्याचाही तो धंदा आहे आणि तो चांगलं भरीत करतो. कुटुंबाने वावरात जायचं ते भट्टीवर न मिळणाऱ्या गोष्टींसाठी. किडकं फळ बाजूला काढताना शेतकऱ्याचा चेहरा कसा होतो, विहिरीचं पाणी किती खाली गेलंय, बाजार समितीत कालचा भाव काय लागला, हे मुलांच्या कानावर पडतं ते तिथेच. आणि ‘आमचं स्वतःचंच वावर आहे, आम्हाला काय शिकवता?’ असं म्हणणाऱ्या अमळनेरकरांनी स्वतःच्या नातवंडांना एकदा विचारावं, की आपल्या वावरात यंदा काय पेरलंय. जमीन नावावर असणं वेगळं आणि तिची माहिती असणं वेगळं.

महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून पाहुण्यांकडून रीतसर उत्पन्न मिळवता येतं. बारामतीकडे असे प्रयोग त्याआधीपासून चालू आहेत. हुरडा पार्टीचं तिकडे व्यवसायात रूपांतर झालं. मानांकन मिळालेलं वांगं हाताशी असताना तापी-बोरीच्या काठच्या शेतकऱ्यांनी मागे राहावं याचं काही कारण नाही. धोरण कागदावर राहायचं की वावरात उतरायचं हे शेवटी येणाऱ्या कुटुंबांवर ठरेल, कारण पैसे मोजणारा पाहुणा असेल तरच शेतकरी त्यासाठी स्वच्छतागृह बांधेल, विहिरीला कठडा घालेल. तेव्हा या हिवाळ्यात भरताचा बेत ठरवाल तेव्हा आधी शेतकऱ्याला दिवस विचारा, मुलांच्या हाती टोपली द्या, भाकरीला स्वतः बसा, जाळ विझवून आणि कचरा उचलून निघा, आणि वांग्यांचे पैसे देऊनच वावराबाहेर पडा.