विश्लेषण : एसटीचे तिकीट शून्य, पण पायरी चढवेना! उतारवयात स्नायू का झिजतात? गेलेली ताकद परत येते का?

ऑगस्ट २०२२ पासून राज्यात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला. शेगावला दर्शनाला जायचे असो की लेकीकडे, तिकिटाचा प्रश्न सुटला. पण अमरावती किंवा अकोल्याच्या बसस्थानकात गाडी फलाटावर लागली, की अनेकांसमोर दुसराच प्रश्न उभा राहतो. पहिली पायरी उंच असते. एक हात दांड्याला, दुसरा नातवाच्या हातात. ‘आता वय झालं बाप्पा, पाय उचलतच नाही,’ असे म्हणत आजी कशीबशी आत शिरते.

‘वय झालं’ हे कारण अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्याला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे, तो घरच्या घरी तपासता येतो आणि बऱ्याच अंशी सुधारताही येतो.

सार्कोपेनिया म्हणजे काय?

वाढत्या वयाबरोबर स्नायूंचे प्रमाण आणि ताकद कमी होणे म्हणजे सार्कोपेनिया. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे कमतरता. अमेरिकन संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये हा शब्द रूढ केला. २०१६ मध्ये अमेरिकेतील आजारांच्या अधिकृत यादीत त्याला वेगळा कोड मिळाला.

साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहून लवकर घटते. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या मज्जापेशी कमी होत जातात आणि जलद हालचाल करणारे तंतू आधी बारीक होतात. पाय घसरला की झटकन दुसरे पाऊल टाकून सावरायचे, हे याच जलद तंतूंचे काम. म्हणून तरुण माणूस नुसता अडखळतो, तिथे म्हातारा माणूस पडतो.

मग ‘फ्रेल्टी’ कशाला म्हणतात?

फ्रेल्टी म्हणजे शरीराची राखीव ताकद संपत येणे. साधा ताप, दोन दिवसांचे जुलाब किंवा किरकोळ पडणे यातून तरुण माणूस आठवड्यात उठतो. फ्रेल्टी असलेली व्यक्ती त्यातून पूर्वीसारखी उभी राहत नाही. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याच्या पाच खुणा सांगितल्या : प्रयत्न न करता वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड ढिली होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यापैकी तीन किंवा अधिक खुणा असतील तर फ्रेल्टी, एक किंवा दोन असतील तर तिच्या आधीची पायरी. स्नायूंची झीज हे फ्रेल्टीचे एक मोठे कारण आहे.

प्रश्न फक्त अशक्तपणाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे दगावतात आणि त्यात साठीपुढच्यांचे प्रमाण मोठे आहे. भारतासह १७ देशांत झालेल्या ‘प्युअर’ अभ्यासात सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताची पकड मोजली गेली. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार पकड दर ५ किलोने कमी असली, तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक दिसला.

वजन तर तेवढेच आहे, मग झीज कशी?

वजनकाटा स्नायू आणि चरबी वेगळे दाखवत नाही. स्नायू घटून त्या जागी चरबी आली, तर आकडा तोच राहतो. भारतीयांबाबत ही फसगत जास्त होते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एक गाजलेले छायाचित्र छापून आले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसाकडे स्नायूंची शिल्लक मुळातच कमी असू शकते. उतारवयातील घट या कमी शिलकीतून होते.

आयुष्यभर वावरात राबले, त्यांनाही हा त्रास?

वऱ्हाडात हा प्रश्न हमखास विचारला जातो. निंदण, कापसाची वेचणी, डोक्यावर ओझे यात ज्यांची चाळीस-पन्नास वर्षे गेली, त्यांना वेगळा व्यायाम कशाला? अडचण अशी की स्नायू जुन्या कष्टांची ठेव सांभाळून ठेवत नाहीत. काम थांबले की ताकद उतरू लागते. शिवाय वाकून तासन् तास केलेल्या कामाने पाठ-गुडघे झिजतात, पण मांडीच्या स्नायूंवर वाढता भार पडतोच असे नाही.

काम सुटल्यावर घरचे प्रेमाने म्हणतात, ‘आबाजी, बसा तुम्ही, मी आणतो ना.’ पाण्याचा ग्लास हातात येतो, चहा बाजेवर येतो. उठण्याचे दिवसातले पंधरा-वीस प्रसंग तीन-चारवर येतात. त्यात इथले ऊन. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४७ अंशांच्याही पुढे गेलेला आहे. मार्च ते जून पहाट सोडली तर फिरणे बंद, पावसाळ्यात चिखलाची भीती. अशा रीतीने वर्षातले कित्येक महिने घरात बसून जातात.

एखादे आजारपण तर ही झीज काही दिवसांत घडवते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकांना १० दिवस अंथरुणावर ठेवले गेले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू-ऊती कमी झाल्या आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी घटली. म्हणूनच रुग्णालयात दाखल झाल्यावर ‘यांना उठवून बसवायचे कधी, चालवायचे कधी?’ हा प्रश्न नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारायला हवा.

घरी कसे ओळखायचे?

आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांत घरी करता येतील अशा काही चाचण्या आहेत.

• खुर्ची चाचणी : हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी बांधून पाच वेळा उठा-बसा करायला सांगा आणि मोबाइलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर स्नायूंची क्षमता घटली असल्याचा इशारा. चाचणीवेळी कुणीतरी शेजारी उभे राहावे.

• पोटरीचा घेर : शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वात जाड भाग मोजा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पुढची तपासणी हवी. पायाला सूज असेल तर हे माप फसवे ठरते.

• बोटांचे कडे : ही जपानमध्ये वापरली जाणारी युक्ती. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी जोडून पोटरीभोवती कडे करा. पोटरी कड्यात सैल बसली, तर झिजेचा धोका अधिक.

• पाच प्रश्न : साधारण साडेचार किलो वजन उचलायला, खोलीत चालायला, खुर्चीतून उठायला आणि दहा पायऱ्या चढायला त्रास होतो का? वर्षभरात किती वेळा पडलात? प्रत्येक उत्तराला ० ते २ गुण. एकूण ४ किंवा अधिक आले, तर डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यात पकड मोजण्याचे साधे यंत्र वापरतात. त्यात पुरुषांची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांची १८ किलोपेक्षा कमी भरली, तर ती कमजोर मानली जाते.

गेलेली ताकद खरेच परत येते?

हो, आणि नव्वदीतही. १९९० मध्ये बोस्टनमधील मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील सरासरी ९० वर्षांच्या १० जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीतील स्नायूंचा आकार सुमारे ९ टक्क्यांनी. स्नायू थोडाच वाढला, ताकद मात्र कितीतरी पटींनी. कारण असलेल्या स्नायूंना कामाला लावायला मज्जासंस्था पुन्हा शिकली.

यासाठी चालणे पुरेसे नाही. ते हृदयाला आणि साखरेला उत्तम, पण मांडीला भार हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यात किमान दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. सोबत मध्यम गतीच्या हालचालींना १५० ते ३०० मिनिटे द्यावीत.

अमरावतीला व्यायाम नवा नाही. येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. तरीही व्यायाम हे पोरांचे काम, अशी समजूत घराघरांत टिकून आहे. आजीला आखाड्यात जायची गरज नाही. खालील व्यायाम भर उन्हाळ्यातही पंख्याखाली होतात.

• खुर्चीतून उठणे-बसणे : सुरुवातीला हातांचा आधार घेऊन ५ ते ८ वेळा. थांबून पुन्हा एकदा.
• टाचा उचलणे : खिडकीचा गज किंवा ओटा धरून १० वेळा.
• भिंतीला रेटा : हातभर अंतरावर उभे राहून तळहात भिंतीवर, कोपरे वाकवून पुढे-मागे ८ ते १० वेळा.
• बाटली उचलणे : पाण्याची एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो वजन.
• एक पायरी : कठडा धरून एकाच पायरीवर चढणे-उतरणे. एसटीच्या पायरीची तयारी इथेच होते.

शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटले पाहिजे, पण बोलता येईल इतपतच. सोपे वाटू लागले की संख्या किंवा वजन थोडे वाढवायचे. श्वास रोखून धरू नये. छातीत दुखणे, चक्कर, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. गुडघे फार दुखत असतील तर फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम ठरवून घ्यावेत.

ताटात काय हवे?

व्यायामाला प्रथिनांची जोड नसेल तर स्नायू बांधायचा कशाने? आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ज्येष्ठांचे स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देतात, म्हणून त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम.

वऱ्हाड तूर, हरभरा आणि सोयाबीन पिकवतो. अकोला डाळ मिलसाठी ओळखला जातो. पण अनेक घरांत म्हाताऱ्या माणसाची सकाळ चहा-टोस्टवर निघते आणि रात्री ‘पचत नाही’ म्हणून पातळ वरण-भात उरतो. दात नसल्याने फुटाणे, शेंगदाणे आपोआप सुटतात.

साधारण ६० ग्रॅमचा शाकाहारी हिशेब असा बसतो : ग्लासभर दूध (६ ग्रॅम), मूठभर फुटाणे (६), ज्वारीच्या दोन भाकरी (१०), ४० ग्रॅम तूरडाळीचे घट्ट वरण (९), वाटीभर दही (३ ते ४), मूठभर शेंगदाणे (७), रात्री दोन पोळ्या (६) आणि २५ ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी (१२ ते १३). अंडे चालत असेल तर एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात. दात नसतील तर फुटाण्याचे पीठ दुधात, शेंगदाण्याचा कूट भाजीत आणि भाकर वरणात कुस्करून. हे सगळे एकाच जेवणात न घेता तीन वेळांत वाटावे.

महत्त्वाची सूचना : मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

औषध किंवा पावडर घेऊन चालेल का?

सार्कोपेनिया बरा करणारी मान्यताप्राप्त गोळी अजून नाही. प्रथिनांची पावडर हे फक्त अन्न आहे. जेवण पुरत नसेल तर तिचा उपयोग होतो, व्यायामाऐवजी नाही. ‘ड’ जीवनसत्त्व किंवा बी-१२ कमी असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

सहा महिन्यांत कारण नसताना पाच टक्के वजन घटले, वर्षात दोनदा पडणे झाले किंवा काही आठवड्यांतच चाल एकदम मंदावली, तर ‘वय झालं’ म्हणून थांबू नये. मधुमेह, थायरॉईड, क्षयरोग, कर्करोग, नैराश्य, औषधांचे दुष्परिणाम यांपैकी काहीही मागे असू शकते.

सरकारी मदत कोणती?

राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी बाह्यरुग्ण सेवा, १० खाटांचा कक्ष आणि फिजिओथेरपीची तरतूद आहे. अमरावतीकरांनी इर्विन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, तर अकोलेकरांनी सर्वोपचार रुग्णालयात याची चौकशी करावी. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये मिळतात. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

घरात साठीपुढचे कुणी असेल तर आज संध्याकाळी खुर्ची चाचणी करून सेकंदांचा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दोन महिने आठवड्यातून दोन-तीनदा व्यायाम झाल्यावर तीच खुर्ची, तीच चाचणी पुन्हा करा. आणि तोवर पाण्याचा ग्लास आबाजींना स्वतःच उठून घेऊ द्या.