‘थोडंसंच बदला’ची किंमत

लग्नाची फिल्म नवरा-नवरीला आवडते. मग ती घरच्या ग्रुपवर जाते आणि दुसऱ्या दिवशी एडिटरच्या व्हॉट्सअॅपवर निरोपांची रांग लागते. ‘मोठ्या आत्या कुठंच दिसत नाहीत.’ ‘विदाईचं गाणं बदला.’ ‘क्लॅरिटी नाही.’ आणि सगळ्यांत अवघड, ‘थोडं अजून भारी करा ना!’ फ्रीलान्स एडिटर अशा क्लायंटला डोकेखाऊ ठरवून मोकळे होतात. पण बहुतेक कटकटींचं मूळ माणसाच्या स्वभावात नसतं. काम घेताना जे बोलायचं राहून गेलं, तेच नंतर अंगावर येतं.

चार सेकंदांचा एक शॉट काढण्यामागचे कष्ट क्लायंटला दिसत नाहीत. टाइमलाइनवर त्याच्या पुढचं सगळं सरकतं. गाण्याच्या ठेक्यावर बसवलेले कट ठेक्यावरून निसटतात, सबटायटल्स पुन्हा जुळवावी लागतात, मग नव्यानं एक्स्पोर्ट आणि अपलोड. म्हणूनच सिनेमात ‘पिक्चर लॉक’ची शिस्त असते: आधी दृश्यांचा क्रम आणि लांबी पक्की, मगच कलर आणि साउंड. ती छोट्या कामातही पाळावी. रफ कटला होकार लेखी घ्यावा. व्हॉट्सअॅपवरचं ‘ओके, पुढं चला’ही चालतं.

करेक्शनच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे, हे कोटेशनमध्येच लिहावं. बदल सांगणारा माणूस एकच असावा. आत्या आणि मामांचं एकमत घरातच होऊ द्यावं. बदल यादीनं आणि टाइमकोडसह मागावेत: ‘२:१४ वर आजोबांचा शॉट हवा.’ ‘भारी करा’ असं आलं तर चिडण्याऐवजी विचारावं, ‘वेग वाढवू, गाणं बदलू की माणसं जास्त दाखवू?’ उत्तर बहुधा या तिन्हींतच सापडतं. ‘क्लॅरिटी नाही’ची गोष्ट आणखी सोपी आहे. व्हॉट्सअॅप व्हिडिओ दाबून लहान करतं. प्रीव्ह्यू ड्राइव्हच्या लिंकवरून पाठवला, की ही तक्रार बऱ्याचदा येतच नाही.

पैशाचं गणितही टप्प्यांत बसवावं. निम्मे आगाऊ, उरलेले फायनल फाइल देण्याआधी; तोवर प्रीव्ह्यूवर वॉटरमार्क. प्रोजेक्ट फाइल द्यायची की नाही, फुटेज किती दिवस सांभाळायचं, हेही कोटेशनमध्येच लिहावं. कंपन्यांची कामं करणाऱ्यांनी काम घेण्याआधी मोफत होणारी ‘उद्यम’ नोंदणी करावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशी नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल, लेखी करार असला तरी, क्लायंटनं काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. थकबाकीची तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन नोंदवता येते. फोनवर आवाज चढवण्यापेक्षा बिलाखाली या तरतुदीची एक ओळ छापणं परवडतं.

एवढं करूनही काही जण रात्री अकराला फोन करतील, आगाऊ रकमेचा विषय टाळतील. त्यांचं हातातलं काम ठरल्याप्रमाणे पूर्ण करून द्यावं, पुढच्या वेळी दर वाढवून सांगावा. त्यांना तो परवडला तर त्रासाचा मोबदला मिळेल. नाही परवडला तर ते आपणहून दुसरीकडे जातील. दोन्हीत एडिटरचं नुकसान नाही.