नांदेड-लातूरच्या विमानपट्ट्या आणि शेतकरी

विमानाचा आणि नांगराचा संबंध तो काय, अशी शंका आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस येईल. विमान आकाशात उडते खरे. पण उतरावयास त्यास जमीनच लागते, आणि जमिनीचा प्रश्न निघाला की तो शेतकऱ्याचा प्रश्न झालाच. याकरिता आपल्या भागातील दोन विमानपट्ट्यांची हकीकत येथे देत आहोत.

नांदेडची पट्टी 1958 साली सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधली. मराठवाडा तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात होता. लातूर जिल्हा 1982 साली उस्मानाबादेतून वेगळा झाला व तेथील पट्टी 1991 साली तयार झाली. पुढे दोन्ही पट्ट्या औद्योगिक विकास महामंडळाकडे गेल्या. गुरु गोविंदसिंगांनी 1708 साली नांदेड येथे ग्रंथसाहिबास गुरुपद दिले. त्या घटनेच्या त्रिशताब्दीनिमित्त 2008 साली नांदेडच्या पट्टीचा कायापालट झाला. 2009 साली या दोन व राज्यातील आणखी तीन पट्ट्या 95 वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीस देण्यात आल्या. 27 एप्रिल 2017 रोजी ‘उडान’ योजनेखाली नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले. ती कंपनी 2022 साली बंद पडली व 2024 साली दुसऱ्या कंपनीची विमाने आली. लातुरास मात्र नियमित प्रवासी वाहतूक रुजली नाही.

पट्टी बांधणे हे काळ्या जमिनीत सोपे काम नव्हे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणून ती काढून वा तिच्यावर मुरुमाचा दाबलेला थर देऊन मग खडी व डांबर घालावे लागते, आणि दोन्ही बाजूंस पाण्याचा निचरा ठेवावा लागतो. दिशा वाऱ्यावरून ठरते. खळ्यावर उपणताना जसा वारा पाहावा, तसा येथेही पाहतात. कारण उडताना व उतरताना विमान वाऱ्यास सामोरे असावे लागते. नांदेडची पट्टी यामुळेच साधारण पूर्व-पश्चिम आहे.

तिची लांबी सुमारे 2,300 मीटर आहे. रुंदी 45 मीटर धरली, तर नुसत्या डांबराखाली साडेपंचवीस एकर जमीन जाते. दोन्ही बाजूंची मोकळी जागा निराळीच.

एवढ्या जमिनीच्या मोबदल्यात शेतमालास काय लाभ? सोयाबीन, तूर, हरभरा हा वजनदार व टिकाऊ माल विमानाने धाडणे परवडत नाही. अर्धापूरची केळीही मालमोटारीनेच जातात. 2021 साली ‘कृषी उडान 2.0’ योजना निघाली, ती मुख्यतः नाशवंत मालासाठी. तेव्हा विमानपट्टी आली की भाव वाढला, असे मानू नये. रुग्ण, यात्रेकरू, व्यापारी यांची सोय होते, आणि ती खरी सोय आहे. पण विमान नियमित येईल तरच. ज्या शेतात वर्षानुवर्षे पेरणी नाही, ते पडीकच म्हणावयाचे. विमानपट्टीचेही तसेच आहे.

म्हणून पट्टीसाठी वा तिच्या विस्तारासाठी जमीन मागितली गेली, तर शेतकरी बंधूंनी नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे ते प्रथम पाहावे. 2013 च्या केंद्रीय कायद्यात ग्रामीण भागातील बाजारभावास 1 ते 2 पर्यंत गुणक लावून, त्यात विहिरी-झाडांची किंमत मिळवून, तितकीच दिलासा रक्कम देण्याची तरतूद आहे. पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकास वा शासकीय भूमिपेढीस परत करावी, असेही त्यात आहे. औद्योगिक महामंडळाचे संपादन मात्र त्याच्या स्वतंत्र कायद्याखाली होते. सातबारावर विहीर, फळझाडे व पीक यांची नोंद बिनचूक करून घ्यावी, मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहावे, आणि हरकत मुदतीत लेखी द्यावी. लोकोपयोगी कामास जमीन देण्यास शेतकरी मागे राहिलेला नाही. ती जमीन पुन्हा पडीक राहू नये, एवढे मागण्याचा त्यास पूर्ण हक्क आहे.