विश्लेषण : बीएसएनएलच्या टॉवरला ‘फोर-जी’ यायला इतका उशीर का झाला?

जालना जिल्ह्यात भोकरदन असो की मंठा, पेरणी झाली की शेतकऱ्याला मोबाइल घेऊन बांधावर जावे लागते. कपाशी-सोयाबीनचा फोटो काढून ई-पीक पाहणीत नोंद करायची, तर फोटो वर चढवायला नेटवर्क हवे. ही पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली. खासगी फोर-जी त्याआधी अनेक वर्षे सुरू होते. बीएसएनएल मात्र तेव्हाही मुख्यतः टू-जी, थ्री-जीवरच होते. या दिरंगाईला सरकारी कारभार जबाबदार आहेच, पण अमेरिका-चीन संघर्षाचाही त्यात वाटा आहे.

निविदा का रद्द झाली?

ऑक्टोबर २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेत बीएसएनएलला फोर-जी स्पेक्ट्रम मिळाले आणि मार्च २०२० मध्ये निविदा निघाली. त्याआधीच, मे २०१९ मध्ये, अमेरिकेने हुवावेला निर्बंध यादीत टाकले होते. दूरसंचार यंत्रणा पुरवणारा देश त्यातून हेरगिरी करू शकतो किंवा ऐन संकटात ती बंद पाडू शकतो, हा आक्षेप. जून २०२० मध्ये गलवानचा संघर्ष झाला आणि भारतासाठी तो आक्षेप कागदावरचा राहिला नाही. निविदेच्या अटी परदेशी कंपन्यांच्या सोयीच्या असल्याची देशी उत्पादकांची तक्रारही होती. जुलैमध्ये निविदा रद्द झाली.

खासगी कंपन्यांना वेगळा न्याय?

काही अंशी, हो. १५ जून २०२१ पासून नवी यंत्रणा ‘विश्वासार्ह स्रोता’कडूनच घेण्याचे बंधन सर्वांवर आले. मात्र आधी बसवलेली यंत्रणा काढण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे खासगी कंपन्यांची सेवा थांबली नाही. पुढे फाइव्ह-जीसाठी एरिक्सन, नोकिया, सॅमसंग असे पर्यायही त्यांच्याकडे होते. बीएसएनएलला मात्र देशी यंत्रणा तयार होईपर्यंत थांबायला सांगण्यात आले. सुरक्षेचा निर्णय योग्य होता. त्याची किंमत बीएसएनएलच्या ग्राहकाने मोजली. ज्याला परवडले त्याने सिम बदलले. जिथे दुसऱ्या कंपनीची रेंजच नाही, तिथे तोही मार्ग नव्हता.

देशी म्हणजे किती देशी?

सरकारी संस्था सी-डॉटचा ‘कोअर’, तेजस नेटवर्क्सची रेडिओ यंत्रणा आणि टीसीएसकडे जोडणी, अशी ही रचना आहे. एक लाख ठिकाणांसाठीचे सुमारे १५ हजार कोटींचे काम मे २०२३ मध्ये टीसीएसच्या गटाला मिळाले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ९७ हजार ५०० हून अधिक टॉवरचे लोकार्पण झाले. नेटवर्क कोण चालवते आणि सॉफ्टवेअर कोणाच्या हातात आहे, यासाठी आता बाहेर बघावे लागत नाही. ही कमाई मोठी आहे.

चिपची गोष्ट निराळी. प्रगत चिप प्रामुख्याने तैवान आणि दक्षिण कोरियात बनतात. २०२० मध्ये अमेरिकेने नियम बदलताच तैवानच्या टीएसएमसीला हुवावेसाठी चिप बनवणे थांबवावे लागले; म्हणजे कारखाना तैवानचा, पण शब्द अमेरिकेचा. चीनकडेही हत्यार आहे. टॉवरवरच्या आधुनिक रेडिओत गॅलियम नायट्राइड वापरतात आणि जगातील ९० टक्क्यांहून अधिक कच्चे गॅलियम चीनमधून येते. ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवाना लावला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला ते देणेच बंद केले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बंदी तात्पुरती स्थगित केली.