कॉन्स्टिट्यूशन हिलने आता उडी मारावी का?

मार्च 2022. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमच्या सुप्रीम नॉव्हिसेस हर्डलमध्ये कॉन्स्टिट्यूशन हिल या पाच वर्षांच्या घोड्याने आपल्याच तबेल्यातल्या जॉनबॉनला 22 लेंग्थनी मागे टाकलं. लेंग्थ म्हणजे घोड्याची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी. जॉनबॉनही पुढे मोठमोठ्या शर्यती जिंकणारा घोडा ठरला, हे ध्यानात घेतलं की त्या 22 लेंग्थचं मोल कळतं. पुढच्याच वर्षी कॉन्स्टिट्यूशन हिलने चॅम्पियन हर्डल जिंकली, तीही 9 लेंग्थनी. ट्रेनर निकी हेंडरसन, जॉकी निको द ब्वानव्हिल, मालक मायकेल बकली. जानेवारी 2025 पर्यंत तो दहा वेळा धावला आणि दहाही वेळा जिंकला.

महालक्ष्मीला किंवा पुण्याला रेस पाहणाऱ्यांना सपाट धावपट्टीची सवय असते. हर्डलचं गणित निराळं आहे. लाकडी चौकटीत बारीक फांद्या विणलेला, साधारण साडेतीन फूट उंचीचा अडथळा जमिनीत तिरका रोवलेला असतो. धक्का लागला तर तो थोडा झुकतो. घोड्याने उंच झेप घेतली तर हवेत वेळ जातो. म्हणून अव्वल घोडा अडथळ्याच्या माथ्याला जवळजवळ घासून, वेग न मोडता पलीकडे उतरतो. कॉन्स्टिट्यूशन हिल यात उस्ताद होता. उडी मारल्यावर इतर घोडे पुन्हा लय पकडेपर्यंत तो दोन ढांगा पुढे गेलेला असायचा. पण या शैलीत चुकीला जागा फार थोडी. पुढचा पाय जरा उशिरा उचलला गेला की चारशे-पाचशे किलोचं धूड पूर्ण वेगात तोंडावर येतं.

नेमकं तेच घडू लागलं. 2024ची चॅम्पियन हर्डल श्वसनाच्या संसर्गामुळे हुकली होती. मार्च 2025मध्ये तो त्याच शर्यतीत परतला आणि पाचव्या अडथळ्याला कोसळला. एप्रिलमध्ये एन्ट्रीच्या मैदानावर पुन्हा पडला. आयर्लंडमधल्या पंचेस्टाउनला उभा राहिला, पण पाचवा आला. नोव्हेंबरमध्ये न्यूकासलच्या फायटिंग फिफ्थ हर्डलमध्ये तर दुसऱ्याच अडथळ्याला खाली. चार शर्यतींत तीनदा पडणं हा योगायोग मानायला मी तयार नाही. पंचेस्टाउनला तो पडला नाही, तरी जुना कॉन्स्टिट्यूशन हिल तिथे दिसला नाही, आणि मला पडण्यापेक्षा ते जास्त लागलं. उडीवरचा विश्वास गेला की घोडा अडथळ्यापाशी बिचकतो, आणि बिचकत घेतलेली उडीच सर्वांत घातक.

तो खच्ची केलेला घोडा आहे. खच्ची केलेला नसता तर निवृत्तीनंतर पैदाशीसाठी त्याला सोन्याचं मोल आलं असतं. इथे ती वाट बंद आहे. त्यामुळे त्याला धावता ठेवण्याचा मोह समजू शकतो. वयही काही फार नाही. जन्म 2017चा, म्हणजे 2026 उजाडताना नऊ वर्षांचा. या वयात हर्डलचे घोडे जिंकतात. पायांत वेग अजून असेलही.

असेल तर तो सपाट धावपट्टीवर दाखवावा. लांब पल्ल्याच्या फ्लॅट शर्यतींत त्याला मोकळेपणी पळता येईल, आणि पाहणाऱ्यांचा जीवही टांगणीला लागणार नाही. चॅम्पियन हर्डलची आणखी एक ट्रॉफी या घोड्याच्या मानेपेक्षा मोठी नाही. 2025च्या अखेरीस माझं मत पक्कं आहे: त्याला पुन्हा अडथळ्यांवर घालू नये.